शिक्षा भोगून झाली, पण मत परत मिळालं का? फ्लोरिडातल्या एका भावासाठी उत्तर

प्रश्न एका ताईंचा आहे. धाकटा भाऊ बरीच वर्षं टॅम्पाजवळ राहतो, अमेरिकेचा नागरिक आहे. २०११ साली दुकानाच्या थकलेल्या विक्रीकरावरून त्याच्यावर फेलनीचा, म्हणजे गंभीर गुन्ह्याचा खटला झाला. त्याने गुन्हा कबूल केला आणि पाच वर्षांचं प्रोबेशन (तुरुंगाऐवजी बाहेर देखरेखीखाली राहण्याची शिक्षा) पुरं करून २०१६ मध्ये तो मोकळा झाला. २०२० मध्ये मतदार नोंदणीचा अर्ज भरला, कार्ड घरी आलं. २०२२ मध्ये टीव्हीवर मतदारांच्या अटका पाहिल्या आणि तेव्हापासून ते कार्ड कपाटात पडून आहे. त्याने आता मत द्यावं का? शिवाय पुण्यातल्या आईचा प्रश्न: "आपल्याकडे माणूस तुरुंगातून सुटला की मत देऊ शकतो, मग तिकडे का नाही?"

फ्लोरिडात फौजदारी वकिली करताना गेली काही वर्षं हाच प्रश्न माझ्याकडे सतत येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी थेट उत्तर. त्या कार्डाच्या भरवशावर त्याने मत देऊ नये. पण हक्क गेला असं धरून घरीही बसू नये. त्याला मत देता येतं की नाही, हे २०११ च्या निकालपत्रावर आणि कोर्टाच्या क्लार्ककडे असलेल्या पैशांच्या हिशेबावर ठरतं. ते दोन कागद मिळवणं हे पहिलं काम.

निकालपत्र हातात आलं की त्यावर "अ‍ॅडजुडिकेशन विथहेल्ड" असं लिहिलंय का ते बघा. फ्लोरिडात न्यायाधीश एखाद्याने गुन्हा कबूल केल्यावरही त्याला रीतसर दोषी न ठरवता प्रोबेशनवर सोडू शकतो. पहिल्यांदाच अडकलेल्या, पैशांच्या प्रकरणातल्या माणसाला असं सोडलेलं मी पुष्कळदा पाहिलं आहे. प्रोबेशन भोगावं लागतं, पैसे भरावे लागतात, पण मतदानाच्या कायद्याच्या नजरेत दोषसिद्धी झालेली नसते. आणि दोषसिद्धी नाही म्हणजे मताचा हक्क मुळात गेलेलाच नाही. माझ्याकडे एक काका आले होते. आपल्याला आता आयुष्यभर मत नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. फाइल उघडली तर हे दोन शब्द समोर. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी बोटांवर मोजलं, चार अध्यक्षीय निवडणुका गेल्या होत्या. त्यांना कुणी अडवलं नव्हतं, आणि कुणी सांगितलंही नव्हतं. तुमच्या भावाचं प्रकरण ज्या प्रकारचं आहे ते बघता ही शक्यता मी सगळ्यात आधी तपासीन.

इथेच एक इशारा, तुमच्या भावासाठी नाही, पण आपल्या ओळखीतल्या ग्रीनकार्डवाल्यांसाठी. हेच "विथहेल्ड" इमिग्रेशनच्या कायद्यात मात्र दोषसिद्धीच धरलं जातं. दोन कायदे, एकाच कागदाचे दोन अर्थ. आणि नागरिक नसलेल्याने तर मतदार नोंदणीच्या अर्जाला हातच लावू नये. गाडीच्या लायसन्सच्या खिडकीवर तो अर्ज पुढे सरकवला जातो, माणूस सवयीने सही करतो, आणि पुढे नागरिकत्वाच्या मुलाखतीत तीच सही समोर येते. त्यातून देश सोडायची वेळ येऊ शकते.

आता समजा निकालपत्रावर सरळ दोषी ठरवलेलं आहे. मग पुढचं समजायला थोडा इतिहास हवा, आणि तुमच्या आईंच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

आपल्याकडे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६२(५) सांगतं की जो तुरुंगात किंवा पोलीस कोठडीत आहे त्याला मत देता येत नाही. फक्त प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेतल्या माणसाला त्यातून सूट आहे. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवलं. म्हणजे भारतात बंदी भिंतीशी बांधलेली आहे. माणूस आत असेल तर मत नाही, मग तो नुसता कच्चा कैदी का असेना. बाहेर आला, जामिनावर का होईना, की मत आहे. ठराविक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांवरची निवडणूक लढवायची बंदी वेगळी, ती सुटकेनंतर आणखी सहा वर्षं चालते. अमेरिकेत गणित उलटं आहे. खटला चालू असताना तुरुंगात असलेल्याचा हक्क जात नाही, पण दोषी ठरला की बऱ्याच राज्यांत बंदी त्या माणसालाच चिकटते आणि तुरुंगाबाहेरही त्याच्याबरोबर चालत राहते. आईंना सांगा, त्यांचं म्हणणं बरोबर आहे. फक्त इतकं जोडा, की भारतातल्या तुरुंगांत सुमारे तीन-चतुर्थांश माणसं कच्चे कैदी आहेत, दोष सिद्ध न होताच त्यांचं मत जातं, आणि त्याबद्दल आपण फारसं बोलत नाही.

फ्लोरिडात ही आजन्म बंदी १८६८ च्या राज्यघटनेतून आली. यादवी युद्ध संपलं होतं, गुलामीतून सुटलेल्या माणसांना मताधिकार द्यावा लागणार होता, आणि दक्षिणेतली राज्यं तो दुसऱ्या दाराने काढून घेण्याच्या वाटा शोधत होती. मत कुठल्या गुन्ह्याने जाईल आणि तो गुन्हा कुणाच्या माथी मारला जाईल, या दोन गोष्टी हातात असल्या की बाकीचं आपोआप होतं. १९७४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रिचर्डसन विरुद्ध रामिरेझ खटल्यात म्हटलं की देशाच्या राज्यघटनेतल्या चौदाव्या घटनादुरुस्तीच्या दुसऱ्या कलमात गुन्ह्यासाठी मत काढून घेण्याचा उल्लेखच आहे, तेव्हा राज्यांना हे करता येतं. १९८५ मध्ये त्याच न्यायालयाने अलाबामाची १९०१ ची तरतूद रद्द केली, कारण ती वर्णद्वेषाच्या हेतूने आणली होती हे नोंदींतून उघड दिसत होतं. पण बंदीचा पाया तसाच राहिला. २०१६ पर्यंत फ्लोरिडात एका अंदाजानुसार सुमारे १७ लाख माणसं मताविना होती. प्रौढ लोकसंख्येच्या १० टक्के. कृष्णवर्णीय प्रौढांत पाचातला एक. ज्या राज्यात २००० सालची अध्यक्षीय निवडणूक ५३७ मतांनी ठरली, त्या राज्यात.

तेव्हा हक्क परत मिळवायचा एकच मार्ग होता, राज्याच्या राजधानीतलं, टॅलाहासीतलं क्षमादान मंडळ. गव्हर्नर आणि मंत्रिमंडळातले तीन सदस्य वर्षातून चार वेळा बसायचे. गव्हर्नर चार्ली क्रिस्ट यांनी २००७ मध्ये नियम सैल केले तेव्हा दीड लाखाहून जास्त लोकांना हक्क मिळाला. त्यांच्यानंतरचे गव्हर्नर रिक स्कॉट यांनी २०११ मध्ये ते पुन्हा आवळले. शिक्षा संपल्यावर पाच किंवा सात वर्षं थांबल्याशिवाय अर्जच करता येईना. त्यांच्या आठ वर्षांत जेमतेम तीन हजार लोकांना हक्क परत मिळाला. मी तिथे माणसं घेऊन गेले आहे. रात्रभर गाडी चालवून आलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस, मागे बायकोमुलं, आणि बोलायला पाच मिनिटं. मंडळाने कुठल्या निकषावर हो म्हणावं वा नाही म्हणावं याचा काही नियमच नव्हता. "तुम्ही दारू पिता का? चर्चला जाता का?" असले प्रश्न विचारले जायचे. २०१८ च्या फेब्रुवारीत फेडरल न्यायाधीश मार्क वॉकर यांनी या मनमानीवर कडक ताशेरे ओढून ती घटनाबाह्य ठरवली.

त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला फ्लोरिडाच्या राज्यघटनेची "चौथी घटनादुरुस्ती" मतदानाला आली. ती कुठल्या पक्षाने आणली नव्हती. डेसमंड मीड नावाचे गृहस्थ, स्वतः शिक्षा भोगून आलेले, २००५ मध्ये मायामीत रेल्वेच्या रुळांशी जीव द्यायला उभे राहिलेले, नंतर कायद्याची पदवी घेतलेले. त्यांनी आणि हजारो कार्यकर्त्यांनी सह्या गोळा केल्या. फ्लोरिडात घटनादुरुस्तीला ६० टक्के मतं लागतात. हिला ६४ टक्क्यांहून जास्त, म्हणजे ५१ लाखांवर मतं पडली. खून आणि लैंगिक गुन्ह्यांची फेलनी सोडून बाकी सगळ्यांना, पॅरोल (मुदतीआधी देखरेखीखाली सुटका) आणि प्रोबेशन धरून शिक्षेच्या सर्व अटी पूर्ण झाल्या की मताचा हक्क परत. ८ जानेवारी २०१९ ला ती लागू झाली. त्या दिवशी सकाळी मी आमच्या काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) नोंदणी कार्यालयाबाहेर उभी होते. साठीच्या एका बाईने अर्ज भरताना तीनदा पेन खाली ठेवलं, डोळे पुसले आणि परत उचललं.

मग "सर्व अटी" या दोन शब्दांवर सगळं अडकलं. विधिमंडळाने सिनेट बिल ७०६६ मंजूर केलं, गव्हर्नर डिसँटिस यांनी २८ जून २०१९ ला सही केली, आणि ठरलं की दंड, कोर्टाचा खर्च, फी आणि नुकसानभरपाई हेही शिक्षेतच येतं. सेंटपर्यंत भरा, मग मत. फेडरल न्यायाधीश रॉबर्ट हिंकल यांनी २४ मे २०२० ला याला मतासाठी पैसे मोजायला लावणारी व्यवस्था म्हटलं आणि तिचा मोठा भाग रद्द केला. त्यांच्यासमोर पुराव्यात आलं की सुमारे पावणेआठ लाख माणसं निव्वळ थकबाकीमुळे अडतात. त्याहून वाईट म्हणजे कोण किती देणं लागतं हे खुद्द राज्यालाही नीट सांगता येत नव्हतं. ११ सप्टेंबर २०२० ला फ्लोरिडा ज्याच्या हद्दीत येतं त्या अकराव्या सर्किटच्या फेडरल अपील न्यायालयाने सहा विरुद्ध चार मतांनी तो निकाल फिरवला. अध्यक्षीय निवडणूक तेव्हा आठ आठवड्यांवर होती. आजही ७०६६ च लागू आहे.

माझं मत स्पष्ट आहे. नुकसानभरपाई भरलीच पाहिजे, ज्याचं नुकसान झालं त्याचा तो हक्क आहे. पण फी आणि खर्च हे कोर्ट चालवायचे पैसे आहेत. ज्याच्या खिशात आहेत तो त्याच दिवशी भरून मतदार होतो, आणि छपरं शाकारणारा मजूर तेवढ्याच गुन्ह्यासाठी वीस वर्षं मताविना राहतो. दोघांनी शिक्षा सारखीच भोगलेली असते. हे मला मान्य नाही, आणि मतदान केंद्रावर हो म्हणणाऱ्या ५१ लाख लोकांनाही हेच अपेक्षित होतं असं मला वाटत नाही. असो. कायदा आहे तो आहे, आणि त्यातून वाट काढायची आहे.

ज्या काउंटीत खटला झाला तिथल्या क्लार्क ऑफ कोर्टकडून शिक्षेच्या आदेशाची प्रत आणि पैशांचा पूर्ण हिशेब मागा. ऑनलाइन दिसणाऱ्या आकड्यावर जाऊ नका. मोजायचं ते फक्त शिक्षा सुनावताना आदेशात लिहिलेलं. नंतर चढलेलं व्याज, उशिराचे आकार, वसुली एजन्सीने लावलेली टक्केवारी (ती ४० टक्क्यांपर्यंत असू शकते) हे मतासाठी धरलं जात नाही. माझ्या एका अशिलाला संगणकावर १,९०० डॉलर बाकी दिसत होते. त्याने कधीच हात टेकले होते. मूळ आदेश मायक्रोफिल्मवरून काढायला आम्हाला दोन महिने लागले. त्यात ७४० डॉलर होते, आणि त्याने वर्षानुवर्षं एजन्सीला पाठवलेल्या रकमेची बेरीज त्याहून जास्त भरली. २०२० च्या खटल्यात राज्याने स्वतःच भूमिका घेतली होती की माणसाने भरलेला प्रत्येक डॉलर मूळ रकमेत धरायचा, मग तो प्रत्यक्षात कुठल्याही खात्यात गेलेला असो. म्हणून जुन्या पावत्या, मनी ऑर्डरचे तुकडे, बँकेचे कागद, काहीही फेकू नका.

उलट एक गैरसमज माणसाला बुडवतो. थकबाकी कोर्टाने दिवाणी बोज्यात, म्हणजे साध्या कर्जासारख्या देण्यात बदलली की ती शिक्षेतून गेली असं लोक समजतात. ७०६६ प्रमाणे ती जात नाही.

तुमच्या भावाच्या प्रकरणात मुख्य रक्कम करखात्याला द्यायच्या भरपाईची असणार. ती पुष्कळदा थेट खात्याकडे भरली जाते आणि क्लार्कच्या हिशेबात बाकी दिसत राहते. तसं असेल तर खात्याकडून पूर्ण फेड झाल्याचं पत्र घ्या आणि ते कोर्टाच्या फाइलला लावा. खरंच काही बाकी असेल तर भरणं हा एक मार्ग. दुसरा, ज्याला पैसे द्यायचे तो राजी असेल तर न्यायाधीश ती रक्कम माफ करू शकतात. तिसरा, न्यायाधीश ती समाजसेवेच्या तासांत बदलून देऊ शकतात, पण मग सगळे तास पुरे व्हायला हवेत. मूळ आदेशातली अटच बदलून घ्यायचा अर्जही करता येतो. मायामी-डेडच्या सरकारी वकिलांनी २०१९ मध्येच अशा अर्जांसाठी खास सुनावण्या सुरू केल्या होत्या. टॅम्पा ज्यात येतं त्या हिल्सबरोमध्येही तसा प्रयत्न झाला. छोट्या काउंट्यांत न्यायाधीशाचा स्वभाव बघून चालावं लागतं.

आता कार्डाबद्दल. १८ ऑगस्ट २०२२ ला गव्हर्नरांनी २० जणांच्या अटकेची घोषणा केली. ही माणसं खून किंवा लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा झालेली होती, म्हणजे चौथ्या दुरुस्तीतून वगळलेली. पण त्यांतल्या अनेकांना नोंदणी कार्यालयाने कार्ड पाठवलं होतं. मत देता येतं असंच ती समजून चालली होती. पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यातली दृश्यं नंतर बाहेर आली. हातात बेड्या पडलेला माणूस विचारतोय, मला मत द्यायचं नव्हतं तर मला कार्ड का पाठवलं? पोलिसांकडेही त्याचं उत्तर नव्हतं. २०२३ पासून कार्डावर छापलं जातं की हे नोंदणीचा पुरावा आहे, पात्रतेचा नाही. कार्ड पाठवतं सरकार, पण त्या कार्डाची जोखीम मतदाराच्या गळ्यात. खोट्या नोंदणीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. गुन्हा ठरायला जाणूनबुजून खोटं बोलल्याचं सिद्ध व्हावं लागतं, हे खरं. पण ते सिद्ध होईतो वकिलाची फी, नोकरी, शेजाऱ्यांच्या नजरा हे सगळं भोगून झालेलं असतं.

म्हणून मी हल्ली प्रत्येकाला एक पायरी चढायला लावते. राज्याच्या निवडणूक विभागाकडून लेखी सल्लामत (अ‍ॅडव्हायझरी ओपिनियन) मागता येतं. आपली सगळी हकिगत, खटल्याचे क्रमांक आणि पावत्या जोडून विचारायचं की माझा हक्क परत आला आहे का. त्यांचं लेखी उत्तर आलं आणि तुम्ही प्रामाणिकपणे त्यावर विसंबून मत दिलंत, तर पुढे त्यासाठी तुमच्यावर गुन्हा लावता येत नाही. अट एकच, एकही गोष्ट लपवायची नाही. दुसऱ्या राज्यातला विसरलेला जुना खटला असेल तर तोही लिहायचा. वेळ लागतो, आणि नोंदणी मतदानाच्या २९ दिवस आधी बंद होते. म्हणून निवडणुकीच्या तोंडावर नाही, आत्ता सुरुवात करा.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही. त्याने २०२० मध्ये नोंदणी केल्यावर प्रत्यक्ष मत दिलं होतं का? हे मला लिहून कळवू नका, घरातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तर मुळीच नको. त्याने एखाद्या फौजदारी वकिलासमोर दार बंद करून बसावं आणि त्यालाच सांगावं. २०२० ची नोंदणी असल्यामुळे ८ जानेवारी ते १ जुलै २०१९ या काळातल्या नोंदण्यांना खटल्यापासून दिलेलं संरक्षण त्याला मिळत नाही. सल्लामताचा अर्जही वकिलाशी बोलून झाल्यावरच करायचा.

दुसऱ्या राज्यांतल्या वाचकांसाठी थोडक्यात. मेन, व्हरमाँट आणि राजधानी वॉशिंग्टन इथे तुरुंगातूनही मत देता येतं. न्यू जर्सीत मार्च २०२० पासून प्रोबेशन किंवा पॅरोलवर असलेल्यांना मत आहे. एडिसनमधली कितीतरी घरं अजून जुन्याच समजात आहेत. कॅलिफोर्नियात २०२० च्या नोव्हेंबरपासून पॅरोलवाल्यांना आहे. मिनेसोटाने २०२३ मध्ये तुरुंगाबाहेरच्या सगळ्यांना दिलं. टेक्सासमध्ये प्रोबेशन-पॅरोलसह शिक्षा पूर्ण संपावी लागते. व्हर्जिनियात २०१६ मध्ये गव्हर्नर मॅकऑलिफ यांनी दोन लाखांवर लोकांना एका आदेशाने हक्क दिला होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केल्यावर त्यांनी एकेकाची फाइल बघून सही करायला घेतली आणि दीड लाखाच्या पुढे गेले. शिक्षा दुसऱ्या राज्यात झाली असेल आणि माणूस आता फ्लोरिडात राहत असेल, तर फ्लोरिडा त्या राज्याचा नियम बघतं. डोनाल्ड ट्रम्प यांना २०२४ मध्ये न्यूयॉर्कात दोषी ठरवलं गेलं तरी त्यांनी त्या नोव्हेंबरात पाम बीचला मत दिलं ते याच नियमामुळे. न्यूयॉर्कात जो तुरुंगात नाही त्याला मत आहे. तुमच्या भावाची शिक्षा फ्लोरिडातलीच, त्यामुळे ही सोय त्याला नाही.

शेवटी आपल्या घरांविषयी. माझ्याकडे येणारे मराठी लोक बहुतेकदा एकटे येतात आणि आधी म्हणतात, "हे कुणाला कळायला नको." मंडळाच्या गणपतीत सगळे "मी मत दिलं" चा स्टिकर लावून येतात आणि हा माणूस त्या दिवसांत प्रसादाच्या रांगेतही उभा राहत नाही. ताई, तुम्ही भावासाठी विचारलंत, यानेच अर्धं काम झालं आहे. सोमवारी त्याच्याबरोबर क्लार्कच्या कार्यालयात जा. खटल्याचा क्रमांक आठवत नसेल तर नाव आणि जन्मतारखेवर शोधून देतात. शिक्षेच्या आदेशाची प्रमाणित प्रत मागा, पानामागे थोडे डॉलर पडतात. आणि तिथेच उभं राहून आधी ते दोन शब्द शोधा.